अहोआईंच्या हातातलं ताट

आई,

काल अहोआईंना लंडन दाखवायला नेलं. माझ्या सासूबाईंना मी अहोआई म्हणते, हे तुला ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता त्यांनाही आईच म्हणायचं," आणि मी म्हटलं होतं की म्हणेन, पण पुढे अहो लावूनच. तुला आणि त्यांना एकच हाक मारणं मला जमणार नव्हतं. म्हणजे बघ, माझं पोटात दुखणं तेव्हापासूनचं आहे, कालचं नाही. काल फक्त ते फार दुखलं. आमचं घर ब्रॅकनेलला, तिथून तासाभराच्या ट्रेनने लंडनचं वॉटर्लू स्टेशन. प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर अहोआईंच्या बुटाची लेस सुटली, आणि तुझा जावई, जो घरी स्वतःचा कपसुद्धा विसळत नाही, तो त्या गर्दीत खाली बसला आणि आईच्या बुटाला गाठ मारू लागला. साडीची किनार वर धरून त्या उभ्या होत्या आणि त्याच्या डोक्यावर हात टेकून तोल सावरत होत्या. मी बाजूला त्यांची पर्स धरून. माणसाला बुटांचा हेवा वाटू शकतो का? मला वाटला. मला कुणाच्या पायाशी असं बसायला मिळणार आहे, सांग.

मग चालत वेस्टमिन्स्टरच्या पुलावर आलो. तुझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, ऑफिसातल्या कुणाचा तरी भाऊ परदेशातून आला तेव्हा तुझ्या वाट्याला आलेला. बिस्किटं एका संध्याकाळीत संपली आणि डब्यात सुया, दोरे, हुक, बटणं राहायला आली. झाकणावर हाच पूल, मागे घड्याळाचा मनोरा आणि पुलावर लाल बस. काज करताना तू झाकणाकडे बघून म्हणायचीस, "एकदा इथे उभी राहणार आहे मी. नुसती उभी राहीन, काही विकत घेणार नाही." काल तिथे अहोआई उभ्या होत्या. कठड्याला रेलून त्यांनी फोटो काढून घेतले, घड्याळ नीट येत नाही म्हणून पुन्हा काढायला लावले आणि नंतर म्हणाल्या, "टीव्हीत मोठं वाटायचं गं, तसं काही मोठं नाहीये." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिला मोठं वाटलं असतं ती कधी आलीच नाही, आणि आली ती ही.

पूल उतरलो तर पुढचा रस्ता बंद. आपल्याकडचे ते बडे नेते आले होते. तू भाजी निवडता निवडता ज्यांची भाषणं ऐकायचीस आणि "बोलतो फार" म्हणून आवाज बारीक करायचीस, तेच. जवळच्या हॉटेलात त्यांचा मुक्काम होता, आणि बॅरिकेडच्या अलीकडे आपली सगळी मंडळी जमलेली. ढोल, झेंडे, नऊवारीवर जॅकेट चढवलेल्या बायका. "आपण दुसऱ्या रोडने जाऊ, इथे अडकलो तर लंच मिस होईल," असं तुझा जावई म्हणतोय तोच नथ आणि गॉगल घातलेली इथल्या मराठी मंडळातली एक बाई थेट अहोआईंसमोर आली.

"काकू, तुम्ही आपल्याकडच्याच ना? प्लीज जरा पुढे येता का? आमच्या सीनिअर मेंबर ओवाळणार होत्या, त्या ट्यूब ट्रेनमध्ये अडकल्यात, सिग्नल फेल्युअर. तुमच्यासारखी मोठी सवाष्ण कुणीतरी हवीय."

सवाष्ण! अहोआईंच्या कपाळावर टिकली, हातात बांगड्या, एवढं बघून तिने ठरवून टाकलं. माझे सासरे मी या घरात येण्याआधीच गेले होते. मला या असल्या प्रथांचा किती तिटकारा आहे ते तुला माहीत आहे. दुसरी कुणी असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण काल माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, "अहो, त्या सवाष्ण नाहीत." फक्त उच्चारायचं बाकी होतं. कारण त्या क्षणी मला तू दिसत होतीस.

तुझं ऑफिस. बाबांच्या जागी लागलेली नोकरी, खिडकीजवळचं तुझं टेबल. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे म्हणून तू मलाही नेलंयस. बायका करंडा घेऊन टेबलाटेबलाशी जातायत, आणि तुझ्यापाशी येऊन गोड हसून तिळगूळ देऊन पुढे सरकतायत. तू फाइलमधून मान वर करत नाहीस. मग मी करंड्यात बोट बुडवते आणि तुझ्या कपाळावर कुंकू टेकवते. तू पदराने इतक्या जोरात पुसलंस की कपाळ पुसूनही लालच राहिलं. "असला आगाऊपणा पुन्हा केलास तर इथे आणणार नाही तुला." मी एसटी स्टँडपर्यंत रडत आले. त्यानंतर तुझ्या कपाळाला मी कधी हात लावला नाही, ताप बघायलासुद्धा नाही. ताप मी गळ्याशी बघायचे.

"धर गं जरा," म्हणून अहोआईंनी पुन्हा पर्स माझ्याकडे दिली आणि ताट घेतलं. पोलिसाने ज्योत पेटवू दिली नव्हती, म्हणून निरांजनात बॅटरीवरची मेणबत्ती होती. साहेब आले, अंगरक्षकाने हात आडवा घातला, साहेबांनीच तो बाजूला केला आणि वाकले. अहोआईंनी त्यांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि हळूहळू ओवाळलं. हात जराही कापला नाही. जन्मभर हेच करत आल्यासारख्या! पाच मिनिटांत फोटो नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचला. "आई, यू आर फेमस!" तुझा जावई आनंदाने ओरडत होता. तुझा ताट धरलेला एक तरी फोटो आहे का? माझ्या लग्नातही नाही. कन्यादान काका-काकूंनी केलं, ओवाळायला मामी. मी स्टेजवरून तुला शोधत होते, तर कुणी म्हणालं, मुलीची आई तुळशीला पाणी घालायला गेलीय.

परतीच्या ट्रेनमध्ये तुझा जावई डबा उघडण्याआधीच झोपला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. अहोआईंनी बूट सैल केले, मला डब्यातला धपाटा दिला, धपाट्याबरोबर लोणचं दिलं आणि म्हणाल्या, "रागावलीयस."

"नाही हो."

"रागावलीयस. तिला सांगायला हवं होतं मी, असंच ना? अगं, तुझ्या आईमुळे घेतलं मी ते ताट."

मी खिडकीकडची मान वळवली.

"तुमच्या लग्नात आम्ही दोघी वरच्या खोलीत होतो. खाली मंगलाष्टकं चाललेली. मी आपली भिंतीकडे तोंड करून बसलेली. तुझी आई तुळशीला पाणी घालून वर आली, दार लावलं आणि म्हणाली, विहीणबाई, पोरं आपली आणि मिरवतायत दुसरेच. रुखवतातला करंडा उचलून आणला होता तिने. मला कुंकू लावलं. म्हणाली, आता मला लावा. काय हसलो आम्ही! खाली जाताना तिने आपलं पुसलं. मी पुसायला गेले तर माझा हात धरला, म्हणाली, एकीचं तरी राहू दे. तेव्हापासून लावते मी. लोक बोलले, पण लावते."

तुझं ते हसणं कसं होतं, मला माहीत नाही. त्यांना माहीत आहे. माझ्या बोटाचं कुंकू तू पदराने पुसलंस, आणि त्यांच्या कपाळाला स्वतःच्या बोटाने लावलंस. काल सकाळी मला वाटत होतं की तुझ्या वाटचं सगळं त्या जगतायत, म्हणून मी जळत होते. आता कळलं की ते तूच त्यांना दिलंस, तर जळणं कमी व्हायला हवं होतं ना? ते दुप्पट झालं. लग्नानंतर वर्षभर तू होतीस. रोज फोन करायचीस. आमटीत गूळ किती घालायचा ते सांगायचीस. हे का नाही सांगितलंस?

आज अहोआई बागेत खुर्ची टाकून त्या फोटोखालच्या कॉमेंट वाचतायत, मधूनच मला ऐकवतायत. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. त्यांच्या कपाळावर टिकली आहेच. सकाळपासून मी कितीदा तरी तिच्याकडे बघितलं. हात लावावासा वाटतो, पण ते माझं काम नव्हे.

आणि एक. काल ट्रेनमध्ये त्यांनी विचारलं, "कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं. तुला बोलली होती का कधी?" मी लोणचं चाटत अगदी सहज म्हटलं, "हो, मला केव्हाच सांगितलं होतं आईने." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी माझ्या हातावर आणखी एक धपाटा ठेवला.