फोटोत सरकलेला बांध

घोटावडे, ता. मुळशी
नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप चंद्रकांतकाकांच्या चरणी, दिवसभर हिंजवडीत संगणकापुढे बसून ज्याची पाठ आधीच वाकलेली आहे (म्हणजे वेगळं वाकायला नको) त्या सौरभचा साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना अजून कुरकुरतो का? एरंडेल कोमट करून लावताय ना, की बाटली नुसतीच फळीवर? काकूंनाही नमस्कार. तुमचं आणि बाबांचं बोलणं तीन वर्षं बंद असलं तरी टपालखातं चालू आहे, म्हणून लिहितोय. माझ्या पाठच्या जान्हवीचं लग्न माघात ठरल्याचं तुमच्या कानावर आलं असेलच. (बाबांनी कळवलेलं नाही, हेही माझ्या कानावर आलंय.) असो. तो विषय आज काढायचाच नाही. तुमच्या पुतण्याने एका निरुपद्रवी छंदापायी दोन सख्ख्या भावांत कसं भांडण लावलं, एवढंच आज सांगतो.

मी राहतो ती माडीवरची खोली हैबतरावांची. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, कोंडिबांच्या, भातखाचरांमध्ये एक बांध आहे आणि बांधावर एक उंबर. बांध कोणी कोणाकडे सरकवला यावरून दोघे नऊ वर्षं एकमेकांच्या अंगणात गेले नव्हते. यंदा हैबतरावांच्या साधनाचं लग्न ठरलं, तेव्हा तिची आई रत्नाबाई स्वतः उठून दिराकडे गेल्या, साखरपुड्याचं आमंत्रण देऊन आल्या, आणि कोंडिबा चक्क ‘येतो’ म्हणाले. एवढं सगळं जुळून आल्यावर मध्ये कडमडायला कोणीतरी लागतंच. मी होतो.

झालं असं की भाद्रपदात मी टेकडीवर चढून या रानाचा फोटो काढला होता. (नवा डिजिटल कॅमेरा. आईला अजून ठाऊक नाही, तुम्ही बोलू नका.) दोन्ही खाचरं, मधला बांध, उंबर, मागे डोंगरांची रांग. फक्त आकाश पांढरंफटक आलं होतं आणि भात आजारी माणसासारखं दिसत होतं. हैबतरावांनी तो पाहिला आणि हुकूम सोडला की याचा मोठा फोटो करून साखरपुड्याला बाहेरच्या खोलीत लावायचा, पाहुण्यांना आपलं (फक्त आपलं) रान कसं हिरवंगार दिसलं पाहिजे.

आता हे हिरवं करणं म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुतण्या रिकामा बसत नाही याची खात्री पटेल. काकू दारात छापाची रांगोळी काढतात ना? छापाला जिथे भोक, तिथेच रंग पडतो, बाकीचं झाकलेलं. संगणकात फोटोवर तसाच छाप ठेवता येतो, त्याला मास्क म्हणतात. जे रंगवायचं ते उघडं, बाकीचं झाकून. छाप नेमका कापला की झालं. नेमका कापणं हीच तर गोम! आकाश निळं करायला मी उंबराच्या पानापानांमधून आकाश वेचून काढलं, तांदळातले खडे वेचावेत तसं. नऊ संध्याकाळी गेल्या. मान आखडली ती अजून उजवीकडे वळत नाही. (ऑफिसात साहेब उजवीकडे बसतात, त्यांचा गैरसमज झालाय.)

आकाशात एवढा जीव काढल्यावर जमिनीपाशी मी कंटाळलो. जादूची कांडी नावाचं एक हत्यार असतं, एका ठिकाणी टोचलं की त्या रंगाचं सगळं आपोआप धरतं. हैबतरावांच्या भातात टोचली, तर तिने कोंडिबांचंही भात धरलं. बरोबरच आहे, तिला सातबारा कुठे वाचता येतो? मग मी अंदाजाने हातानेच रेघ ओढली आणि कडा मऊ ठेवली, कारण पुस्तकात लिहिलं होतं की कडा मऊ असली की केलेलं काम कोणाच्या लक्षात येत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला जमीन नसावी.

साखरपुड्याच्या दिवशी कोंडिबा आले. नवा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. नऊ वर्षांनी उंबरठा ओलांडला तेव्हा रत्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हैबतराव म्हणाले, “ये, बस हितं.” कोंडिबा बसले, पेढा हातात घेतला आणि समोर भिंतीकडे पाहिलं. तीन फुटी फोटो. हैबतरावांचं हिरवंगार रान बांध ओलांडून कोंडिबांच्या खाचरात चांगलं दोन हात शिरलेलं. त्यांनी पेढा होता तसा ताटलीत ठेवला. “दादा, फोटूत बी रेटलास व्हय?” एवढंच म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. हैबतराव मागून ओरडले की “म्या न्हाई, त्या भाडेकऱ्यानं क्येलं!” नऊ वर्षं ते बांधाबद्दलही ‘म्या न्हाई’च म्हणत आलेत, त्यामुळे कोणी विश्वास ठेवला नाही. कोंडिबांनी निरोप धाडला, लग्नाला येणार न्हाई.

मग माझे हाल सुरू झाले. रत्नाबाईंनी सकाळचा चहा बंद केला. साधना जिन्यात दिसली की डोळे पुसायची आणि मला वाटायचं जमीन दुभंगावी (कोणाच्याही वाट्यातली चालेल). शेवटी रत्नाबाई जिन्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “मांडवात चुलता नसंल तर पोर उजळ तोंडानं उभी ऱ्हाईल का? तू इस्कटलंस, तूच निस्तर.” काका, खरं सांगतो, त्याच पावली मी जिना उतरलो.

कोंडिबांकडे गेलो, पाया पडलो, म्हटलं तुम्ही समोर बसा, तुम्ही दाखवाल तिथे बांध. ते भावाच्या घरात येईनात. मग तोड निघाली: माझ्या खोलीला मागून वेगळा जिना आहे आणि भाडेकऱ्याची खोली म्हणजे भावाचं घर नव्हे. रविवारी ते मागच्या जिन्याने वर आले. हैबतराव त्याच वेळी पुढच्या गॅलरीत ‘सहज’ उभे होते, तोंड माझ्या खिडकीत. मी बांध चौपट मोठा केला. कोंडिबा पडद्याला नाक लावून म्हणाले, “ह्ये चौकोन चौकोन काय? तुकडं पाडलं का काय जमिनीचं?” मी म्हटलं फोटो असाच तुकड्यांचा असतो. मग सुरू झालं. कोंडिबा पडद्यावर बोट ठेवून ‘जरा आत घे’, खिडकीतून ‘आत कशापाय, भाईर घे’. मी एकेक चौकोन मागे-पुढे करतोय. दुपारपर्यंत उंबरापाशी पोचलो. उंबर कोणाचा? दोघांचं म्हणणं, माझा. तेवढ्यात खोडाशी काहीतरी करडं दिसलं. कोंडिबा म्हणाले, ही आबांची डोण, बैलांना पाणी पाजायची, दादा मला हिच्यात बुचकळायचा. खिडकीतून आवाज आला, “खोटं! तूच पडायचास, काढायचो मी.” यावर अर्धा तास वाद झाला, पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच वाद डोणीवरून होता आणि दोघे हसत होते. हैबतराव कधी आत येऊन कॉटवर बसले ते कोणाला कळलंच नाही.

बांध अखेर अचूक झाला. इतका नेमका मास्क मी जन्मात कापला नव्हता. कोंडिबांनी तो डोळे बारीक करून पाहिला आणि विचारलं, “समदं खरं, पर माजं रान पिवळं का ठिवलंस? दादाच्या घरात मी भिकारडा दिसू व्हय?” मी हैबतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, “कर की दोन्ही हिरवं, तुझ्या काय बापाचं जातंय?” काढला मास्क. दोन्ही खाचरं एकाच रंगात न्हाऊन निघाली, आठ सेकंदात. जादूच्या कांडीने पहिल्याच दिवशी हेच केलं होतं. आता मांडवाची सगळी व्यवस्था कोंडिबांकडे आहे, आणि मला चहा दोनदा मिळतो.

थोरांस नमस्कार, गुडघ्यास विश्रांती.

तुमचा, आता रेघ नीट ओढणारा पुतण्या,
सौरभ

ता. क. एक कबुली राहिली. आपल्या विहिरीपाशी काढलेला सगळ्यांचा फोटो आठवतो? विहिरीच्या पाण्यावरून तुमचं भांडण झालं तेव्हा बाबांनी मला त्यातून तुम्हाला काढायला सांगितलं होतं. मी तुमच्या जागी मागची टेकडी ओढून घेतली. पण तुमचा हात बाबांच्या खांद्यावर होता आणि बाबांच्या अंगात चौकड्यांचा शर्ट. हात काढायचा तर खालचे चौकडे नव्याने विणायला हवे होते, ते मला तेव्हा येत नव्हतं. हात राहिला. घरी जेवायच्या जागेसमोर तो फोटो आहे. बाबा तीन वर्षं रोज बघतात, हात काढ असं एकदाही म्हणाले नाहीत. आणि मीही तुम्हाला पुसलेलं नाही काका, नुसतं झाकलंय.

आणखी ता. क. पत्रिका छापायला जायची आहे. ‘आपले नम्र’मध्ये तुमचं नाव घालू ना? आठ दिवस आधी या. मी हे लिहिलंय हे बाबांना कळू देऊ नका.

शेवटचा ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. बाबा पत्रिकेसाठी पुण्याला आलेत, आता इथे घोटावड्यात माझ्या कॉटवर बसलेत, पत्र तीनदा वाचून झालंय. गुडघ्याचं आणि एरंडेलाचं त्यांनीच घालायला लावलं, तेही सगळ्यात आधी. स्वतः दोन ओळी लिहा म्हटलं तर चष्मा नाही म्हणाले (नाकावर आहे). आता एवढंच सांगतायत: “लिही त्याला, हात घरात आहेच, बाकीचा माणूस घेऊन ये म्हणावं.”