न चाखता दिलेला शब्द

ताई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझ्या मुलीचे केस आता माझ्यापेक्षा जास्त पांढरे दिसतात. अर्थात मी रंगवते, ती रंगवत नाही. आपण दोघी इंग्रजीतच बोलायचो, त्यामुळे तुला तू म्हणायचं की तुम्ही, हा प्रश्न कधी आलाच नाही. आज मराठीत लिहायला बसले आणि हात आपोआप 'तू'वर गेला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे तूच म्हणतात. तुला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं तेही बरंच. तुला वाचता येईल अशा भाषेत हे लिहायचा धीर मला अजूनही नाही.

एक्क्याऐंशी साली आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आलो. त्या दुमजली अपार्टमेंटमध्ये आम्ही वर आणि तू, फिलिपिन्सहून आलेली, खाली. आल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी तू दार वाजवलंस. हातात फॉइलनं झाकलेली ताटली, तिच्यात बोटाएवढ्या तळलेल्या सुरळ्या. "लुंपिया," म्हणालीस, "खाऊन सांग." मी ताटली घेतली, हसले, दार लावलं. एक फोडून पाहिला तर आत खिमा. ज्या घरात अंडंसुद्धा अंगणात उकडायचं, त्या घरातली मी. ते सगळे लुंपिया वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मागच्या कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकले. अन्न टाकलं म्हणून एक पाप आणि तुझं टाकलं म्हणून दुसरं. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायच्या खोलीत तू गाठलंस, "कसे होते?" आणि मी म्हणून बसले, "व्हेरी टेस्टी!" आई नेहमी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. तिचं ऐकलं असतं तर त्याच क्षणी सांगून मोकळी झाले असते.

त्यात रिकामी ताटली परत द्यायची नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. मी तिच्यात शंकरपाळी भरून दिली. तू समजलीस, बाईला लुंपिया फारच आवडलेले दिसतात. मग दर शनिवारी ताटली वर यायची, दर शनिवारी मी कचऱ्याच्या पेटीकडे जायची आणि दर रविवारी ताटलीत चिवडा नाहीतर वडी घालून खाली यायची. एकदा बोललेलं खोटं निभावणं म्हणजे सासुरवासच. पहिल्या शनिवारी 'नाही' म्हणायला एक वाक्य लागलं असतं. सहा महिन्यांनी सांगायचं तर सहा महिन्यांचा हिशोब द्यावा लागला असता.

पण त्या ताटलीनंच तर मला धंद्याला लावलं. एकदा तू ती द्यायला आलीस तेव्हा मी पोळ्या करत होते. तू दाराशीच उभी राहिलीस. मी तुझ्याशी बोलतेय, बाहेर बघतेय आणि लाटणं आपलं फिरतंय, पोळी गोल होतेय. "तू बघतसुद्धा नाहीस," तू म्हणालीस. त्यात बघायचं काय, मी म्हटलं. "मग हेच वीक," तू म्हणालीस. मला हसू आलं. पोळ्या कोणी विकत घेतं का? तू आत येऊन खुर्ची ओढलीस आणि तुमच्यातल्या एकेका बाईची कहाणी सांगायला लागलीस. एक घरी शिवणयंत्रावर पँट्स आखूड करून देते, दुसरी गॅरेजमध्ये केस कापते, तिसरी दुधाच्या रिकाम्या डब्यांत कस्टर्ड लावते, चौथी इतरांची मुलं सांभाळते. सगळ्या आल्या तेव्हा बॅग आणि दोन हात, एवढंच घेऊन आल्या होत्या. "ज्याकडे न बघता तुझा हात चालतो, ते तुझं भांडवल," तू म्हणालीस. "नवीन काही शिकायला जाऊ नकोस. आणि भाव कमी करू नकोस कधी. वाटलं तर एक जास्तीची दे."

ह्यांच्या ऑफिसात चार सडे मराठी इंजिनिअर होते, ब्रेडला कंटाळलेले. दहा पोळ्यांचं पाकीट आणि वर एक. आमच्या ह्यांना आधी ते रुचलं नाही, "इंजिनिअरची बायको पोळ्या विकते म्हणतील लोक." कपडे धुवायच्या खोलीत मी तुला ते इंग्रजीत सांगितलं, तशी मशीनमध्ये कपडे घालता घालता तू त्यांनाच विचारलंस, "तुम्ही खाता ना रोज? मग दुसऱ्यांनी खाल्ल्या तर काय बिघडलं?" महिन्याभरात ते स्वतःच गाडीत पाकिटं टाकून न्यायला लागले.

तुझं स्वतःचं मात्र अडलं होतं. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात दुपारी तीन ते रात्री अकराची शिफ्ट, पांढरा झगा, डोक्यावर टोपी, फक्त डोळे उघडे. नऊ वर्षांची मुलगी तिकडे तुझ्या आईपाशी. तिचे कागद होत आले आणि तुला घोर लागला, की शाळेतून आल्यावर ती कुणाच्या तोंडाकडे बघेल? घरी बसून लुंपिया करून विकायचे, तर ते खपतील का? एका रविवारी तू माझ्यासमोर बसलीस. तो रविवार मला अजून दिसतोय. तू खुर्चीला न टेकता सरळ बसली आहेस, हात मांडीवर. म्हणतेस, "माझी माणसं तोंडावर गोड बोलतात. तू परकी आहेस, तू खरं सांगशील. माझ्या हाताला तेवढी चव आहे का? नसेल तर सांग. नोकरी सोडून चूक केली तर मुलीला परत पाठवावं लागेल."

बोलायची वेळ हीच होती. आणि मी म्हणते, "उत्तम असतात. सोड नोकरी, मी सांगते ना."

दुसऱ्या दिवशी तू नोटीस दिलीस. पहिले दोन महिने तर तुझा फ्रीजर भरलेलाच. मी त्याचं दार उघडायची आणि मनातल्या मनात गणपतीला हात जोडायची. त्या अपराधी भावनेनंच मी तुझ्या स्वयंपाकघरात राबले. ते कागदासारखे पापुद्रे सुटे करायचे, सुरळी वळायची, कडेला पाण्याचं बोट. करंजीवर बसलेला माझा हात, एकही तळताना फुटायचा नाही. खिम्याकडे फार बघायचं नाही, एवढं पथ्य. तू चाखायला दिलंस की माझा उपवास. मग एका बारशाच्या जेवणाची पाचशेची ऑर्डर आली आणि तिथून तू मागे वळून पाहिलं नाहीस. मुलीला आणायला विमानतळावर आपण दोघी गेलो. ती तुला चिकटली आणि मी एका खांबाआड जाऊन रडून घेतलं. तुला वाटलं, आनंदानं. ती सुटका होती गं.

सात वर्षं ती शाळेतून आली की तू घरात असायचीस. मग तुझं दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्ये तू माझा हात धरून म्हणालीस, "तू तेव्हा खरं बोललीस म्हणून माझी पोर माझ्याजवळ वाढली." मी तुझ्या पांघरुणाची घडी सारखी करत राहिले. कधीकधी वाटतं, इतकी हुशार बाई तू, तुला कळलं असणारच. पण तसं मानून घेण्यात माझीच सोय आहे, म्हणून मी ते फारसं मानत नाही.

आमच्याकडे सुतकात गोडधोड होत नाही. तुमच्याकडे नऊ दिवस प्रार्थना आणि आल्यागेल्याला जेवू घालणं. सोळा वर्षांची तुझी पोर कुणाचं न ऐकता ओट्याशी उभी राहून लुंपिया तळत होती. तिनं कागदी ताटलीत एक घालून माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा, सगळा, शेवटच्या तुकड्यापर्यंत. कुरकुरीत होता, मिरी जरा जास्त होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "आंटी," तिनं इंग्रजीत विचारलं, "मम्मीसारखा झालाय? तू तर तिचे इतकी वर्षं खाल्लेस, तुलाच माहीत."

मी म्हणाले, अगदी तिच्यासारखा. त्या नऊ दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि पुढे तुझ्या गिऱ्हाइकांचे फोन तिनंच घ्यायला सुरुवात केली.

ताई, तो तुझ्यासारखा झाला होता का गं? मला खरंच माहीत नाही.