पोत्याच्या मापाने कापलेला टप

ती. डेल्मरदादांना ऑइलडेलहून रॉस्कोचा नमस्कार. (लोरीन तुम्हाला दादा म्हणायची, ती सवय मी मोडलेली नाही.) तुमचा गुडघा, वहिनी आणि ओक्लाहोमाची हवा, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. घर मात्र इतकं शांत झालंय, की फ्रिजची घरघर थांबली तर मी उठून बघायला जातो.

तर, एकोणीसशे बत्तीसच्या फोर्ड गाडीचा टप कापला. या वयात कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण जुनी गाडी कापून-सजवून हॉट रॉड बनवायची आणि टप उंचच ठेवायचा, तर ती सुटाबुटातल्या माणसाने डोक्यावर पातेलं घातल्यासारखी दिसते, हे तुम्हालाही पटतं. खिडक्यांच्या खांबांतून पट्टी कापून काढायची आणि टप खाली बसवायचा, एवढंच काम. मात्र किती कापायचं ते आधी कोणालातरी आत बसवून, डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण करून ठरवतात. आजवर ती बसणारी लोरीन. चर्चला जायची टोपी घालून बसायची आणि वर बजावायची, "अहो, टोपी मी काढायची नाही. गाडीला काय जमतंय ते बघा." गावात आमच्या गाड्यांचे टप वाखाणले गेले ते त्या टोपीमुळे.

यंदा आत बसायला कोणी नाही. मी बसलो तर खडू कोण धरणार? म्हणून कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं सीटवर उभं केलं, त्यावर माझी टोपी ठेवली आणि कॉफी आणायला गेलो. (आल्यावर पोत्याशी चार शब्द बोललोही. उलट उत्तर नाही, तक्रार नाही.) तोवर दाणा खाली बसून पोतं चांगलंच खचलं होतं. मला वाटलं, हल्ली आपणही असेच दिसत असू. टोपीच्या कडेखाली खूण केली, कापलं, जोडलं. आता आत बसलो की टप भुवयांवर येतो. सिग्नल दिसतच नाही. मागच्याने हॉर्न मारला की हिरवा झाला असं समजून निघतो. शेजारचा वेंडेल वाकून आत बघत म्हणाला, "रॉस्कोकाका, ही खिडकी आहे का टपालपेटीची फट? पत्रं टाकू का?" त्याची बायको पीच भरून भाजलेला गोड पाय देऊन गेली. माणसं चांगली आहेत, पण अख्खा पाय एकट्याला संपत नाही.

लोरीन गेल्यावर कळलं, की घरात एकट्याने करायचं काम जवळपास नसतंच. साधी चादर झटकायची तरी पलीकडची दोन टोकं कोणीतरी धरावी लागतात. मला फार एकटं वाटतं, दादा. असो. वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा,
रॉस्को

ता. क. खांबांत पट्ट्या घालून टप पुन्हा उंच करायचा आहे. तुम्ही आणि लोरीन शेजारी बसलात की दोघांचे डोळे एका रेषेत यायचे. येऊन सीटवर बसाल का? तिची टोपी घरात आहे.

आणखी एक. टपाबद्दल वर लिहिलेलं सगळं गेल्या आठवड्यापर्यंत खरं होतं. गेल्या रविवारी वेंडेल आत बसला, मी खूण केली, टप सुरेख बसला. आता कसलंच काम उरलेलं नाही. तरी या. यायला कारण लागतच असेल तर तसं कळवा, मी पुन्हा कापून ठेवतो.