धाकट्याचं बरोबर होतं

“…हे वाक्य खोडा, काका,” वकीलबाई म्हणाल्या. “मृत्युपत्रात वाटणी लिहितात, कबुली नाही. उद्या मुलगा म्हणेल, वडील भ्रमिष्ट झाले होते.”

खोडलं नाही. वाक्य असं: धाकट्याचं बरोबर होतं. ते सगळ्यात वर राहील, बाकीचं त्याच्या खाली.

मी, धंद्याने सुतार, वय चौऱ्याहत्तर. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी आज तपासून लिहून दिलं आहे. दम लागतो, तो छातीमुळे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणाचं ऐकणारा असतो, तर हे लिहायची वेळच आली नसती.

कलम एक. राहतं घर बायकोला. स्वयंपाकघराचं दार खाली घासतं, ते तसंच ठेवावं. मी दुरुस्त करायला घेतलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, राहू द्या. तुम्हीही चुकता, याचा घरात एक तरी पुरावा हवा.”

कलम दोन. साठवलेले पैसे मुलाला. कारखाना नाही. मोटार ठेवायला त्याने ती जागा पावलांनी मोजली आहे, हे मी खिडकीतून पाहिलं. त्याची बारा पावलं भरली. माझी चौदा भरतात.

कलम तीन. कारखाना, जागेसकट आणि सगळ्या हत्यारांसकट, माझ्या धाकट्या भावाला. कारण लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वी एका दवाखान्याची सतरा दारं केली. एकही नीट लागेना. काटकोन तपासायचा पोलादी गुण्या माझा, तो बरोबरच असणार, म्हणून मी चार कामगारांसमोर धाकट्याला म्हणालो, “तुझी नजरच वाकडी.”

“दादा, एकदा गुण्या उलटा करून बघ.”

“रंधा धरायला तुला मी शिकवलं. आता मला शिकवतोस?”

“रंधा शिकवलास. ऐकायला कोण शिकवणार तुला?”

मी त्याची पेटी रस्त्यावर ठेवली. तो चार गल्ल्या पलीकडे दुसऱ्याकडे लागला. मग कामगारही गेले. अकरा वर्षांनी कारखान्यात मी एकटा उरलो आणि दारं तरीही लागेनात. बोल लावायला कोणी उरलं नाही, म्हणून गुण्या उलटला.

फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारायची. तो उलटवून त्याच ठिकाणाहून दुसरी मारायची; गुण्या बरोबर असेल तर दोन्ही एकावर एक पडतात. माझ्या दोन रेघा वर जाता जाता फाकल्या.

गुण्याच्या कोपऱ्यात आतून पोलादी टोचा ठेवून हातोडीने ठोकलं की कोन उघडतो, बाहेरून ठोकलं की मिटतो. मी ठोकून काटकोनात आणला. मग ज्यांची दारं केली होती त्यांच्याकडे गेलो आणि चूक कोणाची ते सांगितलं. मुलगा म्हणाला, “बाबा, गावभर दवंडी कशाला?” मी म्हणालो, धाकट्याचं नाव गावभरच खराब केलं होतं.

तेव्हापासून रोज कामाआधी दोन रेघा. कोणाचा राग आला तरी आधी त्याच्या बाजूने एक रेघ मारून पाहतो. “या वयात देवाचं नाव घ्या,” असं मुलगा सांगतो. माझं तेवढंच नाव घेणं आहे, आणि ते मी कोणाच्या सोयीसाठी बदलणार नाही.

एक गोष्ट धाकट्यानेही वाचावी. उलटवलेल्या गुण्यात चूक दुप्पट दिसते. दुरुस्ती निम्मीच करायची. सगळी अंगावर घेतली तर कोन दुसरीकडे झुकतो. म्हणून मी पाया पडणार नाही. त्याची जीभ तेव्हाही करवतीसारखी होती.

या कागदाची प्रत त्याला आजच द्यावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये. कारखाना नको असेल तर त्याने तोंडावर येऊन सांगावं.

कलम चार. माझा फोटो लावायचाच असेल, तर धाकट्याने लावावा. मुलाने खिळ्याला हात लावू नये.

सही: थोरला
साक्षीदार: १. डॉक्टर, ज्यांनी तपासलं. २. शेजारची शिंपीण, जिच्याकडे एकच दार मी दोनदा बसवलं.
ठिकाण: कारखान्यातलं लांब टेबल. ११ मार्च २०२४.

१२ मार्च, सकाळ. धाकटा आला. माझा गुण्या घेऊन फळीवर रेघ मारली, उलटवून दुसरी मारली. दोन्ही एकावर एक. मग पिशवीतून स्वतःचा काढला आणि शेजारी तसंच केलं. त्याच्या रेघा वर जाता जाता फाकल्या. त्याने पाहिलं. मीही पाहिलं. टोचा त्याच्याकडे सरकवला.