सूर्यमाळचा एक हंडा

जव्हार, १४ मे १९५०

प्रिय मधुस रघुचा सप्रेम नमस्कार. इंग्लंडच्या धुक्यात तुझा खोकला कसा आहे? कमू आणि मी ठीक आहोत (माझ्या टाचा सोडून; त्यांचं पुढे येईलच).

तू लिहितोस, तिकडे सरकारने औषधोपचार मोफत केल्यापासून तुझ्याकडे दिवसाला साठ माणसं येतात आणि निम्मी नुसती चष्म्यासाठी. सरकार माझंही बदललं. संस्थान विलीन झालं, पण दवाखाना तोच, खुर्चीही तीच. औषधांची मागणी तेवढी आता जिल्ह्याला जाते आणि तिकडून भरायला तक्ते येतात. फरक एवढाच की तुझे रोगी येतात, माझ्या रोग्यांकडे मला जावं लागतं.

गेल्या महिन्यात सूर्यमाळहून बारक्या नावाचा माणूस आला. त्याची बायको सोमी दोन दिवस अडली होती. मोखाड्यापर्यंत लाकडाचा ट्रक मिळाला, पुढे डोंगर पायी. मी नवे बूट घातले होते (सरकारी डॉक्टर दिसावा म्हणून); चढावर टाचा सोलून निघाल्या. भर उन्हात त्यांच्या पाड्यावर पोचलो आणि दारातच कोसळलो. बारक्याच्या आईने, धोंडीबाईने, मला सावलीत ओढलं, डोक्यावर पाणी थापलं, तांब्याने पाजलं. सावध होताच मी हात धुवायला आणि हत्यारं उकळायला पाणी मागितलं, तेही जरा चढ्या आवाजात. ती शांतपणे म्हणाली, "पानी त तूच पेलास, डाक्तर."

सोमीसाठी राखलेला हंडा होता तो. उन्हाळ्यात तिथल्या झऱ्यात पाणी वाटीवाटीने साठतं, एका हंड्याला अर्धा दिवस जातो. मला मान वर करवेना. धोंडीबाई घरोघर जाऊन आली. मागून बायका आल्या, कुणी तांब्या घेऊन, कुणी नुसती वाटी. त्यांच्या घरात मागे काय उरलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मूल आडवं होतं, आणि मी पोचण्याआधीच गेलेलं. सोमी वाचली. दोन दिवस मी तिच्यापाशी राहिलो. निघताना धोंडीबाईने माझी औषधाची रिकामी बाटली पाण्याने भरून हातात दिली. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "वाटंत पडशील त उचलाय कोन हाय?"

पूर्वीच्या कारभाऱ्यांनी एवढंच विचारलं असतं, बाई वाचली का. आता लेखी विचारणा आली आहे की दवाखाना तीन दिवस बंद का होता आणि त्या काळात रोगी किती तपासले. मी 'एक' लिहिलं (खरं तर दोन, पण दुसऱ्याला तपासलं धोंडीबाईने).

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
रघु

ता. क. तुझ्या दवाखान्यातली मदतनीस डॉक्टरची जागा अजून रिकामी आहे का? अर्ज सोबत जोडला आहे. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. पाकिटात अर्ज सापडला नाही तर शोधत बसू नकोस. सोमीला पुढच्या महिन्यात पुन्हा बघायला येतो असं सांगून आलोय, तोवर तरी हलता येणार नाही. कमू विचारते, त्यानंतर कोणाला येतो म्हणून सांगून ठेवलंय? मी आणखी एका रोग्याचं नाव सांगितलं.