रेडिएटरमधली हळद

नळदुर्ग
बुधवार, ७ मार्च १९७३

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रातली एक गोष्ट खोटी आहे. सहकारी संस्थेच्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये हळद अप्पांनी टाकली नव्हती, मी टाकली होती. नेहमीसारखं अप्पा सांगत होते आणि मी लिहीत होते. "लिही, मोतीबिंदूमुळं दिसलं न्हाय, चूक माझी." माझा हात थांबला, तर म्हणाले, "हे लिहायला शाळेत शिकवलं न्हाय व्हय?" मी लिहिलं. त्याची लाज वाटते.

ती जुनी काळी मोटार दर फेरीला घागरभर पाणी गाळायची, आणि संस्थेचे चेअरमन गुरुसिद्धप्पा ते या दुष्काळात पिण्याच्या पाण्याच्या टँकरमधून भरून घ्यायचे. रांगेतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बघत राहायच्या. रेडिएटर उतरवल्याशिवाय गळती सापडायची नाही, असं अप्पांचं म्हणणं. चेअरमनना तुळजापूरला जायची घाई. ट्रकवाले वाटेत चिमूटभर हळद टाकून बारीक गळती बुजवतात, ते मी लहानपणापासून बघत आले. अप्पा गॅरेजच्या आत गेले तशी मी मूठभर टाकली. थेंब थांबेनात, म्हणून आणखी एक मूठ. थेंब थांबले, पण आतल्या नळ्याही तुंबल्या. घाटात इंजिन तापलं, ड्रायव्हर आबारावांनी झाकण उघडलं आणि वाफेनं त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला.

त्यांच्या घरी मी रोज जाते. परवा म्हणाले, "पोरी, हळद भाजल्यावर लावत्यात, आधी न्हाय." ते हसले. मला हसता आलं नाही.

गावात एकच बोलणं चालू आहे: शंकरप्पाचे डोळे गेले, आता पोरगी गॅरेज चालवते. संस्थेच्या टँकरचं आणि इंजिनांचं काम येत्या सभेत दुसरीकडं द्यायचं घाटतंय. आणि तू लिहितोस, रविवारी सोलापूरहून ट्रक आणतो, हत्यारं विकू, अप्पांना घेऊन जातो, तुझ्या लग्नाचं बघू.

अण्णा, ट्रक आणू नकोस.

रेडिएटर मी उतरवला. सोड्याच्या दोन तांबे गरम पाण्यानं आणि बारीक तारेनं एकेक नळी मोकळी केली. पिवळा चिखल निघाला. गळती शोधायला रेडिएटर हौदात बुडवतात, पण यंदा हौदात पाणी कुठलं? मी त्याची तोंडं रबरानं बंद केली, सायकलच्या पंपानं हवा भरली आणि वाटीभर साबणाचा फेस वरून लावला. दोन जागी बुडबुडे आले. तिथं कथील वितळवून डाग दिले. अप्पांनी बोटं फिरवून बघितलं आणि एक डाग उकरून पुन्हा द्यायला लावला. खालचा रबरी पाइपही बदलला. गेले चार दिवस मी स्वतः मोटार अणदूरपर्यंत नेऊन आणते. लोक दुकानातनं उठून बघतात, बघू देत. परतल्यावर मोटारीखाली वर्तमानपत्र पसरते. सकाळी ते कोरडं असतं.

हे पत्र अप्पांना वाचून दाखवलेलं नाही, कारण ते मला अडवतील. संस्थेच्या सभेत बाया बोलत नाहीत, मला माहीत आहे. तरी उभी राहणार. हळद माझी होती, दुरुस्तीही माझीच, दोन्ही सगळ्यांसमोर सांगणार आणि काम आमच्याच गॅरेजकडं ठेवा म्हणणार. चेअरमनना खात्री करायची असेल, तर त्यांनी माझ्या शेजारी बसून तोच घाट चढून बघावा. तुला यायचं तर रिकाम्या हातानं ये आणि पुढच्या ओळीत बस. सभा सोमवारी, १२ मार्चला, सकाळी अकरा वाजता आहे.

तुझीच, पण या वेळी तुझं न ऐकणारी,
शिवकांता