स्टील गिटारच्या आधीची हाक

प्रिय व्हर्नेलमावशी,

शनिवारी आईच्या अंत्यविधीला बाबांचं ते प्रेमगीत लावणार आहोत, बाबांच्याच आवाजातलं. पुढे सात बँडांनी ते गायलं. आई घरी नेहमी त्यांपैकी टल्सा शहरातल्या बँडचंच लावायची, बाबांचं कधीच नाही.

टेक्ससच्या नाचघरांत बाबा आपल्या बँडमधल्या प्रत्येक वादकाला त्याच्या पाळीआधी नावानं हाक मारत. या रेकॉर्डवर मात्र फिडल आणि पियानो हाकेशिवायच येतात. फक्त तुझ्या स्टील गिटारआधी ते म्हणतात, "ये, व्हर्नेल!" तसा मऊ आवाज मी घरात कधी ऐकला नाही.

ड्वेन म्हणतो, "ताई, गाणं आहे ते, कोर्टातला पुरावा नाही!" त्याचंही खरं असेल.

गेल्या आठवड्यात, आई शेवटच्या आजारात असताना, मी तिलाच विचारलं, तुझ्या अंत्यविधीला कोणतं लावायचं?

"तुझ्या बाबांचं. आणि व्हर्नेलला पुढच्या बाकावर बसव, तिला हल्ली कमी ऐकू येतं."

ही माफी होती, शिक्षा होती, की नुसती बहिणीची काळजी? तुला विचारायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही. शनिवारी तुझ्याशेजारी मीच बसेन. ती हाक आली की तुझ्याकडे बघायचं की आईच्या शवपेटीकडे, ते मात्र अजून ठरत नाही.

तुझी,
रोएना